काजातलं फूल

लग्नसराईत आता मला दोन घरांतून बोलावणं येतं. नवरीकडून गजऱ्यांसाठी, आणि नवऱ्याकडून कोटाच्या फुलासाठी.

गजरे मी लहानपणापासून करते. केळीचं सोपट भिजवून नखाने त्याचा दोरा कसा काढायचा, ते आजीने शिकवलं. कोटाचं फूल मात्र भाच्याच्या रिसेप्शनने गळ्यात घातलं. मोबाईलमधला फोटो पुढे करून तो म्हणाला, "आत्या, अस्सं पाहिजे." मला वाटलं, तीनशे कळ्या ओवणाऱ्या बाईला एका फुलाचं काय अवघड? तेच अवघड निघालं. गजऱ्यात एखादी कळी मलूल असली तर शेजारच्या कळ्या तिला सांभाळून घेतात. कोटावरच्या फुलाला लपायला जागा नाही.

पहिल्या वेळी आदल्या रात्रीच सहा डच गुलाब आणून फ्रीजमध्ये ठेवले. खालच्या कप्प्यात पिकायला आलेली पपई होती. शहाद्याच्या घरात पपई नसेल तर कुठे असेल? सकाळी हात लावला तशा पाकळ्या गळाल्या. पिकत्या फळातून इथिलिन वायू निघतो आणि तोच फुलाला अकाली म्हातारं करतो, हे मागाहून कळलं. तेव्हापासून गुलाब आले की पपई बाहेर.

दुसरा धडा उन्हाने दिला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो. गजरा ओल्या फडक्यात ठेवता येतो, कोटावर पाणी कुठलं? म्हणून फुलाने आधीच पोटभर प्यायला हवं. अर्धवट उमललेला गुलाब घ्यायचा, देठ पाण्यात बुडवूनच तिरपा कापायचा, म्हणजे त्यात हवा शिरत नाही. मग तीन-चार तास गार जागी, मानेपर्यंत पाण्यात. हाताचं काम दहा मिनिटांचं. खरं काम बादलीच करते.

देठ दोन बोटं ठेवून बाकीचा कापते. पाकळ्यांखालच्या हिरव्या फुगीर गाठीतून बारीक तार आरपार घालून तिची दोन्ही टोकं देठालगत खाली वळवते. आता मान पडत नाही, आणि चेहरा हवा तसा किंचित वर करता येतो. मागे मोरपंखीची एक डहाळी, पुढे जरा खाली निशिगंधाची कळी. मोगरा नको, बोट लागलं तरी काळवंडतो. बांधायला नायलॉनचा दोरा घेतला तर तो देठात रुततो, म्हणून इथेही आजीचं सोपटच. त्यावर हिरवी टेप, पण ती ओढून ताणल्याशिवाय चिकटत नाही. तारेचं टोक आत वळवायला विसरलं, तर नवरदेव मंगलाष्टकांतच कळवळायचा.

फ्रेंच लोक या फुलाला काजाच्याच नावाने ओळखतात. शाळेत १४ नोव्हेंबरला फळ्यावर काढलेल्या नेहरूंच्या अचकनावरही काजात गुलाब असायचाच. भाच्याच्या कोटाच्या डाव्या पट्टीवरही काज होतं, पण नुसतं शिवलेलं, न कापलेलं. नव्या कोटाला कात्री लावायला कुणी धजेना. शेवटी पट्टीच्या मागून सेफ्टी पिन घातली, पुढून दिसणार नाही अशी.

हल्ली मी एका नवरदेवासाठी दोन फुलं करते. दुसरं डब्यात, खाली ओलं फडकं घालून. पाकळ्यांवर मात्र पाण्याचा थेंब नको, डाग पडतो. दोन कशाला? आमच्याकडे माणसं स्टेजवर येतात ती हात मिळवून थांबत नाहीत. काका, मामा, कॉलेजचे मित्र, सगळे छातीशी कवटाळतात, आणि नेमकं डावीकडेच.

गेल्या लग्नात तासाभराने डबा घेऊन वर गेले. गुलाब चपटा झालेला, निशिगंधाची कळी मोडून लोंबत होती. मी पिन काढायला हात पुढे केला, तर नवरदेवाने फुलावर तळहात ठेवला. "राहू द्या, आत्या. हे आजोबांनी दाबलंय."

डबा तसाच घरी आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही त्यातलं फूल टवटवीत होतं. बांधणी चांगली जमली होती. पण त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदाच वाटलं, की हे फूल लग्नाला गेलंच नव्हतं.