पडवीतील तीन जोड

पादत्राण ही उंबरठ्याबाहेर राहणारी वस्तू. भांडी, कपडे, अंथरुणे यांची निगा कशी राखावी याचे शिक्षण घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेले. बुटांची निगा म्हणजे मात्र पॉलिशची डबी आणि एक ब्रश, एवढ्यावरच ते थांबले. आजच्या तरुण मुलामुलींच्या पायांत जे जोड दिसतात आणि ज्यांना ती ‘स्नीकर्स’ म्हणतात, त्यांच्यापुढे हे शिक्षण अपुरे पडते. एकाच जोडात सुती कापड, नायलॉनची जाळी, फोम, रबर आणि हे सारे एकत्र धरून ठेवणारे सोल्यूशन अशी मंडळी नांदत असतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

इचलकरंजीतील एका घराच्या पडवीत आषाढातल्या एका पहाटे असे तीन जोड पडलेले होते. पुण्यात नुकताच नोकरीला लागलेला नातू आदल्या रात्री चार दिवसांच्या सुटीवर आला होता. बसस्थानकापासून घरापर्यंतचा चिखल एका जोडाला लागला होता. उरलेले दोन पिशवीतून आले होते, तेही वापरून मळलेलेच. नातू गाढ झोपेत होता. आजोबा नेहमीप्रमाणे पाचाला उठले, स्नान आणि देवदर्शन आटोपून परतले आणि पडवीत थबकले. चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवून ते मुलाच्या हाती सोपवल्यापासून त्यांच्या हातांना काम उरले नव्हते. मुलगा हिशेब संगणकावर ठेवी, सुनेने स्वयंपाकघरात त्यांना कधी पाऊल टाकू दिले नाही. नातू उठण्यापूर्वी त्याचे बूट स्वच्छ करून ठेवावेत, ही कल्पना त्यांना फारच आवडली.

आजोबांची एक ख्याती होती. तागा उलगडण्यापूर्वीच, नुसता अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पदर चोळून ते सूत सांगत. शंका राहिलीच तर कडेचा एक धागा ओढून काडीला लावत. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे कापूस. वितळून टोकाला कठीण मणी जमला की पॉलिएस्टर. केस जळल्यासारखा वास आला की लोकर किंवा रेशीम. पेढीवर माल उतरवणारे व्यापारी त्यांच्या या काडीला वचकून असत.

पहिला जोड पांढऱ्या कॅनव्हासचा होता. आजोबांनी तो उचलून जमिनीवर हलकेच दोनदा आपटला आणि वाट पाहिली. पावसाळ्यात बुटाच्या अंधाऱ्या टोकाशी एखादा जीव विसावलेला असतो, हे ज्यांना ठाऊक आहे ते बुटात एकदम हात घालत नाहीत. एक रातकिडा बाहेर आला, क्षणभर थांबला आणि कुंडीआड गेला. मग त्यांनी नाड्या सोडल्या, आतल्या गाद्या काढल्या आणि कोरड्या ब्रशने चिखल झाडला. ओल्या चिखलावर पाणी ओतणे ही पहिली चूक. त्याने मातीचे रापण होऊन ती विणीच्या आत शिरते. चिखल वाळू द्यावा, झाडावा आणि उरेल तेवढ्यालाच पाणी दाखवावे. गाळलेले अर्धी बादली पाणी आणि चमचाभर साबणाचा चुरा एवढ्यात दोन्ही बूट निघाले.

हे काम त्यांच्या हातांना अनोळखी नव्हते. शाळेत शनिवारी कवायतीचा पांढरा गणवेश असे आणि त्यासोबत पांढरे कॅनव्हासचे बूट. ते धुऊन वाळले की ओला खडू चोळून पांढरे करायचे. खरे तर खडूने मळ जात नसे, झाकला जाई. पण कवायतीच्या मास्तरांची नजर रांगेवरून भर्रकन फिरत असल्याने तेवढे पुरत असे.

कॅनव्हासची खरी परीक्षा धुण्यात नसून वाळण्यात असते. साबण क्षारधर्मी; तो विणीत राहून गेला तर वाळताना कापडावर पिवळट डाग उमटतात. म्हणून शेवटच्या पाण्यात लिंबाचे चार थेंब टाकावेत, भरपूर खळबळावे आणि बूट पांढऱ्या कोऱ्या कागदात गुंडाळून सावलीत ठेवावा. जो काही पिवळेपणा वर येतो, तो कागदावर उतरतो. आत वर्तमानपत्र कोंबण्याची आपली जुनी सवय येथे नडते, कारण ओल्या कागदाची शाई अस्तराला लागते. सुनेने भ्रमणध्वनीवर पाहिलेली खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची युक्ती सुचवली. फेस मोठा सुंदर आला. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करतात आणि मागे उरते ते बहुतांशी खारट पाणी. दोन्ही पदार्थ निरनिराळे वापरले असते तर काही उपयोग तरी होता. रबराच्या कडेला जुना दातांचा ब्रश आणि पांढरी टूथपेस्ट पुरली. कापडाला रबराचा तळ जोडण्याची ही सारी कला चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाची ऋणी आहे. १८३९ मध्ये त्याला रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत सापडली. तोवर रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत असे. या मऊ तळामुळे पावलांचा आवाज होत नाही, म्हणून ‘चोरपावलांनी चालणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्याला स्नीकर हे नाव पडले.

दुसरा जोड जाळीच्या कापडाचा, पळण्यासाठीचा. त्याला मऊ ब्रश आणि हलका हात हवा. घासले की जाळीचे तंतू सुटतात, आणि पाणी जास्त झाले की मळ खालच्या फोममध्ये जाऊन बसतो. धुतल्यावर टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे. घाईने शेगडीजवळ किंवा केस वाळवण्याच्या यंत्राखाली ठेवू नये. उष्णतेने फोम आक्रसतो आणि सोल्यूशन सुटते. पंख्याखाली दोन दिवस लागले तर लागू द्यावेत.

तिसरा जोड राखाडी रंगाचा होता. आजोबांनी त्यावरून अंगठा फिरवला. मखमलीसारखी लव, एका बाजूने फिकी, उलट्या बाजूने गडद. त्यांना वाटले, हे ते नवे कृत्रिम कापड असावे. असे कापड खरोखरच असते. जपानमध्ये १९७० साली अतिसूक्ष्म पॉलिएस्टर तंतूंपासून ते प्रथम तयार झाले आणि ते पाण्याला दाद देत नाही. त्यांनी ओला ब्रश साबणात बुडवून उजव्या बुटाच्या टोकावर गोल फिरवला. बादलीतले पाणी राखाडी झाले. लव दबली, चिकटली, आणि टोक काळपट, कडक दिसू लागले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर वर्षभराचा घसारा एका मिनिटात वसूल झाला.

आजोबांचा हात थांबला. त्यांनी चष्मा लावला, शिवणीच्या कडेची जराशी लव चिमट्याने काढली आणि सवयीने काडी पेटवली.

केस जळल्याचा वास आला.

बुटाला लोकर कोण लावणार आणि रेशीम तरी कोण लावणार? त्यांनी जिभेखालचा छापील कागद पाहिला. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशानुसार तेथे विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर सामग्रीची चिन्हे द्यावी लागतात, आणि परदेशी बनावटीच्या पुष्कळ जोडांवर ती आपल्याकडेही आढळतात. विणलेल्या जाळीचे चिन्ह म्हणजे कापड, चौकटचा आकार म्हणजे अन्य पदार्थ, आणि पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे. आजोबांना निर्देश ठाऊक नव्हता. पण ताणून पसरलेल्या कातड्याचा आकार ओळखण्यासाठी काहीच ठाऊक असावे लागत नाही.

नातू डोळे चोळत पडवीत आला तेव्हा आजोबा तो बूट हातात घेऊन पायरीवर बसले होते.

“आजोबा, अहो, त्याला पाणी लावायचं नसतं!” तो पहिल्या पगारातून घेतलेला जोड होता; साडेसात हजारांचा.

“चूक झाली माझी,” आजोबा म्हणाले. “पण बाळा, हे चामडं आहे.”

“नाही हो. हे लेदर नाही, स्वेड आहे. मी मुद्दाम लेदर टाळलं होतं.”

तो खोटे बोलत नव्हता. चामडे म्हणजे गुळगुळीत, चकाकणारे, पॉलिशचे. त्याचा पट्टाही घरात कोणी वापरत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. परंतु स्वेड म्हणजे त्याच कातड्याची मांसाकडील आतली बाजू, घासून लव काढलेली, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शब्द मुळात फ्रेंच. ‘स्वीडनचे हातमोजे’ यावरून आलेला. देशाच्या नावाआड वस्तूचे नाव लपून गेले. वरची बाजू घासली की तिला नुबक म्हणतात, तेही चामडेच. विक्रीच्या पानावर सामग्रीच्या रकान्यात ‘स्वेड’ एवढाच शब्द होता, आणि तो अगदी खरा होता.

आजी दारात येऊन उभी राहिली होती. “आत आणू नका रे ते,” एवढेच ती म्हणाली आणि आत गेली.

नातू बराच वेळ गप्प बसला. आजोबांना वाटले, आता तो रागावेल किंवा सारे हसण्यावारी नेईल. त्याने वेगळेच विचारले.

“आजोबा, आपल्या दुकानात रेशमी साड्या होत्या ना?”

“होत्या.”

“लग्नसराईत त्याच जास्त खपायच्या, बाबा सांगतात.”

“हो. लग्नसराईत त्याच.”

आजोबांनी आयुष्यभर अंगावर रेशीम घातले नाही. पूजेलाही धूतवस्त्र सुतीच. आतला जीव पतंग होऊन बाहेर पडण्यापूर्वीच कोषाला वाफ किंवा उकळते पाणी दाखवले जाते, कारण त्याने छिद्र पाडले की धागा अखंड राहत नाही. आणि एका साडीला असे हजारो कोष लागतात. हे त्यांना नातवापेक्षा कितीतरी आधी कळलेले होते. काडी लावून रेशमाची खात्री करून देण्यात तर त्यांचा हातखंडा होता. गिऱ्हाईक खूश होई. “मागणीच असते, आपण नाही ठेवलं तर शेजारचा ठेवतो,” असे ते तेव्हा म्हणत. त्या सकाळी ते वाक्य त्यांच्या ओठांवर आले नाही.

“मी घातलं नाही, विकलं मात्र,” ते म्हणाले. “तू न कळत घेतलंस. मला कळत होतं.”

नातवाने काही उत्तर दिले नाही. पावसाची एक सर येऊन गेली.

“आधी हा बूट ठीक करू,” आजोबा म्हणाले. “मग ठेवायचा, कोणाला द्यायचा, तुझं तू ठरव. बिघडवला मी आहे.”

मग दोघे कामाला लागले. नातवाने पुण्यातील मित्राला विचारून घेतले. अर्धवट भिजलेल्या स्वेडवर पाण्याची कड उमटते, म्हणून जेथे डाग आहे तेवढेच न पुसता तो सबंध भाग ओल्या स्पंजने सारखा दमट करायचा, म्हणजे कड राहत नाही. साबण राहिला असेल तर साध्या पाण्याच्या बोळ्याने टिपून घ्यायचा. आत पांढरा कागद ठासून भरायचा, नाहीतर टोक आक्रसते. ऊन नाही, उष्णता नाही. पूर्ण वाळल्यावर कोरड्या मऊ ब्रशने लव एकाच दिशेने उचलायची. कोरडा काळा डाग असेल तर शाळेतले खोडरबर, आणि तेल सांडले असेल तर रात्रभर मक्याचे पीठ भुरभुरून सकाळी झाडणे. पाणी हा शेवटचा उपाय. नातू सांगत होता आणि आजोबा एखाद्या नवख्या नोकराप्रमाणे ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारले, “आणि ते जपानी कापड कसं ओळखायचं?”

“नावात बघायचं. सिंथेटिक किंवा मायक्रोफायबर लिहिलेलं असतं.”

“काडी लावली तर मणी जमेल,” आजोबा म्हणाले, आणि दोघेही हसले.

चौथ्या दिवशी नातू निघाला. कॅनव्हासचा जोड पायांत होता. डाव्या टाचेवर एक पिवळट रेघ राहिली होती, ती त्याने पाहिली असावी, पण बोलला नाही. जाळीचा जोड पिशवीत गेला. राखाडी जोडाचे काय करायचे, हे त्याने सांगितले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. तो पडवीतल्या फळीवरच राहिला.

आषाढातली हवा, आतला कागद सकाळी भरला की संध्याकाळी दमट झालेला असतो आणि बदलला नाही तर वास धरतो. नातवाची बस गेल्यावर आजोबा परतले, फळीपाशी गेले आणि दोन्ही बुटांतला कागद काढून नवा भरू लागले.

“अजून किती दिवस ते इथं राहणार?” आजीने आतून विचारले.

“वाळू दे,” आजोबा म्हणाले.