ओहायोतली गोळी, मोखाड्यातली डोली

‘डोपसिक’ ही मालिका बघायला घेतली की ओहायोतल्या कोलंबसच्या मराठी घरांत पहिला राग डॉक्टरांवर निघतो. “एवढी शिकलीसवरलेली माणसं, त्यांना कळायला नको?” हा प्रश्न सहसा सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या आईंचा नाहीतर सासूबाईंचा. दुसरी प्रतिक्रिया चहा गाळता गाळता, आवाज उतरवून येते: “या लोकांचं सगळं तसलंच. आपल्यात नाही हो असलं काही.” तिसरी घरातल्या इंजिनिअरची. तो मालिका मध्येच थांबवतो, फोनवर शोधाशोध करतो आणि जाहीर करतो, “खरंय हे. कंपनीने कोर्टात कबूल केलंय.”

खरं आहे, बरंचसं. ‘हुलू’वर ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली ही आठ भागांची मालिका पत्रकार बेथ मेसी यांच्या पुस्तकावर बेतलेली. तिच्यातलं फिंच क्रीक हे खाणकामगारांचं गाव आणि मायकेल कीटनने उभा केलेला तिथला डॉक्टर काल्पनिक. पर्ड्यू फार्मा ही कंपनी, तिचं मालक सॅकलर घराणं आणि १९९६ मध्ये बाजारात आलेली ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातकुळीतली वेदनाशामक गोळी मात्र खरी. गोळीतलं औषध शरीरात हळूहळू उतरतं, त्यामुळे तिचा गैरवापर कमी होईल असं मानलं जातं, अशा अर्थाचं वाक्य सरकारी संमतीने माहितीपत्रकात छापलं गेलं. विक्री प्रतिनिधींनी ते घोकलं आणि डॉक्टरांच्या गळी उतरवलं. जोडीला १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेलं पत्र होतं. रुग्णालयात अफूवर्गीय औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याचं त्यात म्हटलं होतं. पत्र जेमतेम पाच वाक्यांचं, आणि तेही इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णांबद्दल. ते घरी महिनोनमहिने गोळ्या खाणाऱ्या माणसांना लावलं गेलं. इथे इंजिनिअर मंडळी कपाळाला हात लावतात. एवढ्याशा पुराव्यावर त्यांच्या ऑफिसात साधं सॉफ्टवेअरही पुढे सरकत नाही.

२००७ मध्ये व्हर्जिनियातल्या ॲबिंग्डनच्या न्यायालयात पर्ड्यूशी संलग्न कंपनीने आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. एकूण दंड सुमारे ६३.५ कोटी डॉलर. तुरुंगात कुणीच गेलं नाही. हा भाग आला की सासूबाईसुद्धा गप्प होतात.

आता “आपल्यात नाही”चं काय, ते पाहू. कोलंबसच्या वायव्येला डब्लिन नावाचं उपनगर आहे. शाळा चांगल्या, रस्ते स्वच्छ, मराठी घरं भरपूर. कार्डिनल हेल्थ या अमेरिकेतल्या बड्या औषध वितरक कंपनीचं मुख्यालय याच डब्लिनमध्ये आहे. मालिकेचा सगळा भर कंपनी आणि डॉक्टरांवर असल्याने हा मधला घाऊक व्यापारी तिच्यात फारसा दिसत नाही. पण कारखान्यातून निघालेली गोळी गावच्या दुकानात पोचवायची ती यानेच. एखाद्या दुकानाची मागणी संशयास्पद वाटली तर सरकारला कळवायचं, हे कायद्याने त्याच्यावर टाकलेलं काम. वेस्ट व्हर्जिनियातल्या जेमतेम चारशे वस्तीच्या कर्मिट गावातल्या एकाच दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या अफूवर्गीय औषधाच्या सुमारे ९० लाख गोळ्या उतरल्या, हे एरिक एअर या स्थानिक पत्रकाराने उघड केलं आणि २०१७ चं पुलित्झर मिळवलं. पुढे कार्डिनलसह तीन मोठे वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी मिळून २६ अब्ज डॉलरची तडजोड केली. २०२२ च्या फेब्रुवारीत ती पक्की झाली. गैरकृत्य त्यांनी मान्य केलेलं नाही, पैसे मात्र मोजले.

डब्लिनच्या मराठी ओळखीपाळखीत या मुख्यालयाशी कधी ना कधी कामाचा संबंध आलेलं कुणीतरी निघतंच. त्यात पाप काही नाही. नोकरी ती नोकरी, आणि कर्करुग्णाचं औषधही याच ट्रकमधून जातं. पण ज्या गावात आपण घराचे हप्ते भरतो तिथूनच ही साखळी गेलेली असताना गोष्ट ‘या लोकांची’ कशी राहते? शिवाय डॉक्टरांना लाच देऊन फेंटानिल या अतितीव्र अफूवर्गीय औषधाचा फवारा खपवल्याबद्दल जानेवारी २०२० मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झालेले ‘इन्सिस’ कंपनीचे संस्थापक जॉन कपूर अमृतसरचे. तरी “ते पंजाबी” म्हणून हात झटकणारे भेटतातच.

कोलंबसच्या या घरांमध्ये एक घर पालघर जिल्ह्यातल्या जव्हारकडच्या माणसाचं आहे. त्याची प्रतिक्रिया वेगळीच निघाली. ना डॉक्टर, ना कंपनी, त्याच्या डोळ्यांसमोरून खाण हलेना. मालिकेतली बेट्सी ही तरुण मुलगी खाणीत काम करते, पाठीला इजा होते, आणि पाळी चुकू नये म्हणून गोळी घेते. सुरुवात एवढीच. “आमच्याकडे भट्टीवर असंच असतं,” तो म्हणाला. जव्हार-मोखाड्यातली वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला बाहेर पडतात. शेठकडून उचल आधीच घेतलेली, आठवड्याला खावटी, आणि विटा पाडायच्या त्या ओणव्याने. कमरेत चमक भरली तर बसून चालत नाही, कारण उचल फिटायची असते. मग बाजाराच्या दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि सांगायचं, “सुई मारा.” गोळीवर त्यांचा भरवसा नसतो. डॉक्टरने सुई मारली तर खरा डॉक्टर. ती सुई साध्या वेदनाशामकाची असते, अफूची नव्हे, एवढाच काय तो फरक. उरलेली कळ मिसरी, तंबाखू आणि मोहाची दारू निभावून नेतात.

साम्य इथेच संपत नाही. मालिकेतलं गाव ज्या भागात आहे त्या ॲपलेशियाच्या डोंगरांतून कोळसा गेला, उजेड शहरांत पडला. मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे; पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात.

कोलंबसहून दक्षिणेला महामार्ग २३ धरला की दोन तासांच्या आत ओहायो नदीकाठचं पोर्ट्समथ लागतं. तो सायोटो परगणा. रोख पैसे घेऊन गोळ्यांच्या चिठ्ठ्या फाडणारे ‘दवाखाने’ इथे इतके माजले की २०११ मध्ये राज्याला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी या एका परगण्यात रीतसर चिठ्ठीवर वाटल्या गेलेल्या अफूवर्गीय गोळ्या होत्या सुमारे ९७ लाख. परगण्याची लोकसंख्या ८० हजारांच्या घरात. लहानथोर धरून माणशी एकशेवीस गोळ्या झाल्या. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या ८३ हजार होती, म्हणजे माणसं साधारण तेवढीच. या तालुक्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मर्कटवाडीत ऑगस्ट २०२२ मध्ये एका बाईची जुळी बाळं जन्मतःच गेली. रस्ता नसल्याने तिला डोलीत घालून काही किलोमीटर चालत न्यावं लागलं. तेव्हा वर्तमानपत्रांत गाजलं, विधानसभेत गाजलं. एका ठिकाणी गोळ्यांचा पूर, दुसऱ्या ठिकाणी गाडी पोचायला वाट नाही. माल कुठे पोचतो हे दुखणं ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं.

त्या जव्हारकराचे चुलते मोखाड्याला असत. तोंडाचा कॅन्सर झाला. शेवटच्या महिन्यांत तो रोज फोन करायचा.

“काका, डॉक्टर काय म्हणाले?”

“नाशिकला न्या म्हणतात. पण आता गाडीत बसवत नाही रे, बाबा.”

“दुखतं का फार?”

“रात्री जास्ती.”

घरात गोळी होती ती साध्या अंगदुखीची. मॉर्फिनचं नावही कुणी काढलं नाही. मॉर्फिन जिच्यापासून काढतात ती अफू मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी रांग लावली की बऱ्याच रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सैल झाला. डॉक्टरांची भीती आणि दुर्गम भागातला पुरवठा यांना मात्र कायद्याची दुरुस्ती पुरत नाही. म्हणून ‘डोपसिक’ बघून कुणी “या अफूच्या औषधांवर सरसकट बंदीच घाला” म्हणालं की हा माणूस भडकतो. त्याचं बरोबर आहे.

आणि आपली मंडळी फक्त सोसणारी आहेत, असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने मुंबईच्या एव्हिओ फार्मास्युटिकल्सचा पाठपुरावा केला. टॅपेंटाडॉल हे अफूवर्गीय औषध आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकाच गोळीत कालवून माल घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर चालला होता. अशा मिश्रणाला जगात कुठेही मान्यता नाही. बातमी आल्यावर केंद्र आणि राज्याच्या औषध अधिकाऱ्यांनी कंपनीवर धाड घातली, सुमारे १.३ कोटी गोळ्या-कॅप्सूल जप्त केल्या आणि या मिश्रणाचं उत्पादन व निर्यात थांबवण्याचे आदेश निघाले. पर्ड्यूच्या नावाने बोटं मोडणाऱ्या किती मराठी घरांत या बातमीवर चर्चा झाली? कोलंबसमध्ये तरी ऐकू आली नाही.

‘नेटफ्लिक्स’ची याच विषयावरची ‘पेनकिलर’ ही सहा भागांची मालिका २०२३ मध्ये आली. तिच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक खरी आई किंवा खरे वडील कॅमेऱ्यासमोर बसतात, ‘काही प्रसंग काल्पनिक आहेत’ ही नेहमीची सूचना वाचतात आणि मग आपलं मूल कसं गेलं ते सांगतात. ते काल्पनिक नसतं. त्या दोन मिनिटांत सासूबाईंचं “तसलंच” कुठल्या कुठे जातं. कीटननेही ‘डोपसिक’साठी मिळालेलं एक पारितोषिक नशेपायी गेलेल्या आपल्या भाच्याला अर्पण केलं होतं.

डॉक्टरांचा हात आता आखडला आहे. ओहायोत २०१७ पासून तात्पुरत्या दुखण्याला मोठ्या माणसाला सात आणि अल्पवयीनाला पाच दिवसांपेक्षा जास्त अफूवर्गीय गोळ्या लिहून देता येत नाहीत, अपवाद सोडून. अक्कलदाढ काढली तरी टायलेनॉल आणि आयबुप्रोफेन यांवर बोळवण होते. मग मराठी माणूस बॅगेतून आणलेली कॉम्बिफ्लाम काढतो, ते वेगळं.

धोका आता चिठ्ठीबाहेर आहे. मे २०२२ मध्ये, परीक्षांच्या सुमारास, कोलंबसमधल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे दोन विद्यार्थी गेले. अभ्यासाला जाग यावी म्हणून मुलं ‘ॲडरॉल’ घेतात. त्यांना मिळाली होती ती फेंटानिल मिसळलेली बनावट गोळी. या विद्यापीठात आपलीही मुलं शिकतात, आणि त्यांच्यावर मार्कांचं ओझं कुणापेक्षा कमी नाही, उलट जास्तच. २०२२ मध्ये अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून जास्त माणसं मेली; २०२४ मध्ये आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. उतरण्यामागे नालोक्झोनचा हात आहे, असं जाणकार मानतात. बेशुद्ध पडलेल्याच्या नाकात हा फवारा मारला की अफूवर्गीय औषधाचा अंमल काही मिनिटांत उतरतो. फवारा मारायचा आणि लगेच ९११ ला फोन करायचा, कारण फवाऱ्याचा असर त्या औषधाच्या अंमलाआधी संपू शकतो.

२०२३ पासून नालोक्झोनचा हा फवारा दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. ओहायोत ‘प्रोजेक्ट डॉन’ या राज्याच्या योजनेतून तो फुकट मिळतो, आणि ही योजना २०१२ मध्ये सुरू झाली ती त्याच पोर्ट्समथमध्ये. कोलंबसकरांनी मुलाला वसतिगृहात सोडताना प्रेशर कुकर आणि मेतकुटाच्या डब्यासोबत हा फवारा द्यावा, आणि मराठी मंडळाने येत्या गणेशोत्सवात आरोग्य खात्याच्या माणसाला अर्धा तास द्यावा.