बिऱ्हाड आणि गारवा

अकरा महिन्यांच्या भाडेकराराइतका नीरस गद्यप्रकार दुसरा नसेल. पण आयुष्य वाङ्मय शिकवण्यात गेल्यामुळे तोही मी बारकाईने वाचतो. नागपुरात सर्वांत वरच्या मजल्यावर माझी एक सदनिका आहे. ती भाड्याने देत असल्याने दर अकरा महिन्यांनी हा मजकूर माझ्या सहीने प्रसिद्ध होतो, असे म्हणायला हरकत नाही. त्याच्या परिशिष्टात पंखे चार, दिवे सहा, गिझर एक अशी मोजदाद असते. भिंतीला छिद्र पाडू नये, असे एक कलम असते. जागा घेतली त्या स्थितीत परत करावी, असे दुसरे. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरातल्या घराचा हा दस्तऐवज, आणि त्यात उन्हाळ्याला एक ओळही नाही!

कायद्याचेही तसेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि सफाई या सोयी अत्यावश्यक मानतो. त्या यादीत गारवा येत नाही. 2018 च्या इको निवास संहितेने छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घातली, पण ती नव्या इमारतींसाठी. माझा स्लॅब तिच्याआधीचा.

खरी अडचण हिशेबाची आहे. यंत्र मालकाने घ्यायचे आणि बिल भाडेकरूने भरायचे, अशी रीत असल्यावर पाच ताऱ्यांच्या एसीची जादा किंमत मी का मोजावी? बचत तर त्याच्या घरात जाणार. एसीवरचे तारे 2010 पासून सक्तीचे आहेत. पण ते पाहून खरेदी करणारा एक आणि त्यांचे फळ भोगणारा दुसरा, तिथे सर्वांत स्वस्त यंत्रच भिंतीवर चढते. गिझरचीही हीच कथा. डिसेंबरातल्या पहाटे तीन लिटरच्या गिझरखाली बादली भरेपर्यंत कुडकुडत उभे राहणारा मनुष्य बहुधा भाडेकरू असतो.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये माझ्या भाडेकरू बाई म्हणाल्या, "सर, आईला रात्रभर झोप लागत नाही. एसीच्या पाइपसाठी भिंतीला एक छिद्र पाडू द्या, जाताना बुजवून देऊ." मी रात्री नऊच्या सुमारास जाऊन पाहिले. खिडकीत त्यांचा कूलर होता, ताट्या नव्या, पाणी भरलेले. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो (जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर घर नुसते चिकट करतो). तरीही खोली तापलेली होती, कारण उष्णता वरून येत होती. दिवसभर ऊन प्यायलेला स्लॅब रात्री ते सोडत होता आणि पंखा तीच ऊब त्या म्हातारीच्या अंगावर ढकलत होता.

छिद्राला परवानगी दिली. पण त्याआधी गच्चीचे काम काढले. गच्ची सोसायटीची, म्हणून लेखी संमती आली, आणि 'एकाच घरासाठी कशाला?' हा प्रश्नही आला. भेगा बुजवून वर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. बाईंनी निम्मा खर्च देऊ केला. तो मी घेतला नाही. दलालाने मात्र मला व्यवहार शिकवला: "सर, यावर भाडं वाढत नाही. एसी दिसतो. रंग गच्चीवर असतो."

त्याचे म्हणणे खोटे नाही. जाहिरातीत 'एसीसह' लिहिता येते. थंड राहणाऱ्या छतासाठी तिथे शब्दच नाही. आपल्या भाषेत मात्र 'बिऱ्हाड' हा शब्द आहे, आणि त्यात माणसे आणि त्यांची चीजवस्तू एकत्रच नांदतात. कूलर बिऱ्हाडाचा, उद्या टेम्पोत चढणारा, एसीही तसाच. छत तेवढे मागे राहते. भाडेकरूला ते नेता येत नाही, म्हणून त्याने त्यावर खर्च करू नये. आणि मालक त्याखाली झोपत नाही, म्हणून तो करत नाही. दोघांचेही तर्कशास्त्र निर्दोष आहे, आणि त्याची किंमत एक म्हातारी रात्रभर जागून देते.

रंगाने चमत्कार झाला नाही. मे महिना मे महिनाच राहिला. पण बाई सांगतात की रात्री भिंतीला हात लावता येतो आणि एसी पहाटेच्या आत बंद होतो. जानेवारीत घर थोडे अधिक गार लागते, अशी तक्रारही त्यांनी हसत केली. शिवाय धूळ बसली की पांढरेपणा उतरतो आणि गुणही. म्हणून दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी लागते.

नव्या करारात मी तसे कलम घातले: गच्ची धुण्याची जबाबदारी मालकाची. दलालाने ते दोनदा वाचले आणि विचारले, "सर, असं कलम असतं का?" कलम ठेवले आहे. होळीनंतरच्या रविवारी माणूस येईल. खराटा आणि पाण्याचा पाइप जिन्यात ठेवला आहे.