सही झाली, बोलणं राहिलं

शेंद्र्यातल्या आमच्या शाळेत पालकसभा सकाळी अकराला. पालक तेव्हा एमआयडीसीत पाळीवर. मग आम्ही शिक्षक मुलांच्या हाती रजिस्टर पाठवून सह्या मागवायचो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया; कागदावर सगळं चोख.

एकदा एक अम्मी स्वतःच रजिस्टर घेऊन आली. “सर, सही कुठं करायची ते कळलं. बोलायचं कुठं?”

आम्ही गप्प.

आता सभा मगरिबनंतर भरते. सातवीनंतर मुली घरी का बसतात, ते पहिल्याच सभेत कळलं. आम्ही समजायचो, अभ्यास नको असेल. खरी भीती जालना रोडची, हायस्कूल पलीकडे. आता दोघी अम्मी आळीपाळीनं मुलींना रस्ता ओलांडून देतात. यंदा पाचजणी आठवीत आहेत.