तेरीज आणि रेडिएटरचा पंखा

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तेरीज हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सर्व खात्यांच्या जमा आणि नावे बाकी समोरासमोर मांडल्या की दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आलीच पाहिजे. ती आली नाही, तर कोठेतरी चूक आहे, आणि ती सापडेपर्यंत वही मिटायची नाही, ही जुन्या मुनीमांची शिस्त. फरकाच्या आकड्याकडे पाहूनच ते निम्मा शोध संपवीत. फरक 9 ने भागला जात असेल, तर 54 च्या जागी 45 असे आकडे उलटे पडले असण्याचा संभव. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम नावेऐवजी जमेस गेली असण्याचा संभव. अंदाजाने एखादे खाते बदलून बेरीज जुळवून टाकणे मात्र सर्वथा वर्ज्य होते.

या शिस्तीचा उपयोग दुकानाच्या उंबरठ्याबाहेरही होतो, हे आमच्या वीस वर्षे वयाच्या लहान पेट्रोल गाडीच्या पंख्यामुळे माझ्या लक्षात आले.

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरत असे. इंजिन चालू तोवर पंखा चालू. पुढच्या काळातील लहान गाड्यांत तो विजेवर चालतो आणि गरज असेल तेव्हाच फिरतो. इंजिनमधील पाणी साधारण 95 अंशांच्या आसपास तापले की पाण्याच्या वाटेवर बसविलेला थर्मो स्विच जोडला जातो, तो रिलेला जागे करतो, आणि रिले बॅटरीची वीज फ्यूजमार्गे पंख्याच्या मोटरला देते. मोटरमधून निघालेली वीज अर्थिंगच्या तारेने गाडीच्या पत्र्यात आणि तेथून बॅटरीत परत जाते. गाडी मोकळ्या रस्त्यावर धावत असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंख्याची खरी परीक्षा असते ती चौकातील खोळंब्यात आणि घाटातील संथ चढावर.

आमच्या गाडीचा काटा बाजारपेठेच्या गर्दीत वर चढू लागला आणि महामार्गावर आपोआप खाली येऊ लागला. फरकाचा आकडा म्हणतात तो हाच. गर्दीत तापते आणि वेगात निवते, तर संशय पंख्यावर. वेगातही तापत असेल, तर पाण्याची पातळी, थर्मोस्टॅट, पंप किंवा चोंदलेला रेडिएटर पाहावा. गॅरेजवाल्याने मोटरचा जोड काढला, त्यावर टेस्ट लॅम्प लावला, दिवा लख्ख पेटला. ‘शेठ, वीज येते आहे, मोटर गेली,’ असा निर्णय झाला. नवी मोटर बसली आणि पंखा फिरला.

संवत्सरीनंतर आईला पुण्यास चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींच्या दर्शनास आणि क्षमापनेस जायचे होते. तिचे वय 78, चौविहाराचा नियम अनेक वर्षांचा. परतीच्या वाटेवर साताऱ्यात नातलगांकडे सूर्यास्तापूर्वी भोजन ठरले होते. खंबाटकी घाटात मालमोटारींच्या मागे गाडी रांगू लागली, आणि काटा तांबड्या रेघेपलीकडे गेला. बोनेटमधून वाफ आली, कूलंट रस्त्यावर सांडले. इतक्या तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडता येत नाही. आत दाबाखालील पाणी 100 अंशांहून अधिक तापलेले असते आणि झाकण सैल होताच ते अंगावर उसळते. थांबण्याखेरीज उपाय नव्हता. आम्ही थांबलो आणि सूर्य मावळला. आईने बरोबरच्या बाटलीतील उकाळलेले पाणी वेळेत घेतले होते, अन्न मात्र दुसऱ्या दिवशी नवकारशीनंतरच. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. सांडलेल्या हिरव्या पाण्याकडे एक कुत्रे चाटण्यासाठी आले, तेव्हा मात्र ती तत्काळ उठली. तिने त्याला हाकलले आणि आमच्याकडून त्या ओघळावर माती टाकून घेतली. तिची भीती यथार्थ होती. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि मूत्रपिंडास घातक. थोडेसे पोटात गेले तरी कुत्र्यामांजरांचा जीव जातो.

दुसऱ्या गॅरेजात रेडिएटर आणि पंप दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला. तो मानण्यापूर्वी मी कराडच्या एका वयस्क वायरमन मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी काहीही सुटे केले नाही. थर्मो स्विचचा जोड काढून त्याच्या दोन टोकांत तारेचा तुकडा घातला आणि चावी फिरविली. रिलेचा ‘टक्’ असा आवाज आला, पंखा किंचित हलून थांबला. म्हणजे रिलेपर्यंतचा मार्ग ठीक. मग मोटर जोडलेली असतानाच त्यांनी मीटर लावला आणि आकडे मला एका कागदावर लिहावयास सांगितले. बॅटरीवर 12.2 व्होल्ट. बॅटरीच्या धन टोकापासून मोटरपर्यंतच्या वाटेत 0.4 खर्च. मोटरच्या दोन टोकांत केवळ 4.9. मोटरपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतच्या परतीच्या वाटेत 6.9.

मी बेरीज केली: 12.2. तेरीज जुळली होती आणि कोणत्या खात्यात रक्कम बुडाली तेही कळले. निम्म्याहून अधिक दाब परतीच्या वाटेवर, अर्थिंगमध्ये नाहीसा होत होता. मिस्त्रींनी रेडिएटरच्या आधारपट्टीखालचा एक स्क्रू काढला. तारेच्या टोकाची कडी हिरव्या गंजाने माखली होती, खालचा पत्राही तांबडा पडला होता. पॉलिश पेपरने दोन्ही जागा चकचकीत केल्या, नवी कडी दाबून बसविली, वर थोडी पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा आकडे घेतले: बॅटरी 12.1, जाण्याच्या वाटेत 0.3, मोटर 11.6, परतीत 0.2. पंख्याचा वारा हाताला लागला. पूर्वी काढून टाकलेली जुनी मोटर बॅटरीला थेट जोडून पाहिली, तीही उत्तम फिरली. निर्दोष वस्तू भंगारात निघाली होती.

मग पहिल्या गॅरेजात दिवा का पेटला? दिवा खोटे बोलला नव्हता. टेस्ट लॅम्पचा लहान दिवा अर्ध्या अँपियरहूनही कमी प्रवाह घेतो, आणि तेवढा गंजलेल्या कडीतूनही सहज जातो. पंख्याच्या मोटरला सात ते दहा अँपियर हवे असतात. तेवढ्यासाठी ती वाट अपुरी होती. ‘वीज येते आहे’ हे विधान कथंचित् सत्य होते, लहान दिव्याच्या अपेक्षेने सत्य, मोटरच्या अपेक्षेने असत्य. स्याद्वादाची चर्चा आपण प्रवचनात ऐकतो. त्या दिवशी तिचा अर्थ मला गंजलेल्या कडीवर उमगला. कोणत्या अपेक्षेने, हा प्रश्न न विचारता घेतलेला निर्णय एकांत होतो, आणि त्याची किंमत एखादी निरपराध मोटर भरते, एखादी वृद्ध आई भरते. नवी मोटर आधी चालली, कारण ती बसविताना तार हलून कडी थोडी टेकली होती. चालू लागणे म्हणजे दुरुस्त होणे नव्हे.

विद्युतमंडलात दाबाचा हिशेब पूर्ण जुळलाच पाहिजे, हा नियम गुस्ताव किरचॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने 1845 साली मांडला. आपल्या वहीची शिस्तही याच जातीची: आलेले सर्व कोठेतरी गेलेले दिसले पाहिजे.

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे, त्यांनी शोधाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा. प्रथम इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पाहावी; पाणी कमी असेल तर थर्मो स्विच वाफेत राहतो आणि वेळेवर जोडला जात नाही. मग फ्यूज. मग रिले, गाडीत त्याच आकाराची व क्रमांकाची दुसरी रिले असेल तर अदलाबदल करून पाहावी. त्यानंतर दोन तारांचा थर्मो स्विच असेल तर त्याच्या जोडाची टोके तारेने जोडावीत. पंखा पूर्ण वेगाने फिरला तर स्विच संशयित. नुसताच हलला किंवा फिरलाच नाही, तर मोटर जोडलेली ठेवून वरीलप्रमाणे मीटरने मोजावे. संगणक असलेल्या गाड्यांतील सेन्सरवर हा तारेचा प्रयोग करू नये. मोटरच्या टोकांवर पूर्ण दाब पोचूनही ती फिरत नसेल, तरच दोष मोटरचा. इंजिन बंद असले तरी गरम असताना पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून बोटे आणि पदर दूर ठेवावेत. काढलेले कूलंट गटारात न ओतता डब्यात झाकून ठेवावे आणि गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे. जयणा तेथेही पाळायची असते.

मिस्त्रींनी लिहविलेला तो कागद मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवला आहे. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी आणि चातुर्मासापूर्वी तेच चार आकडे पुन्हा घेतो आणि तारखेसह त्याखाली मांडतो. परतीच्या वाटेचा आकडा 0.5 च्या वर गेला की कडी उघडून घासायची. आणि एखादा भाग बदलावा लागेल असे कोणी म्हटले, तर नम्रपणे एवढेच विचारतो: कोणत्या आकड्यावरून?