वसतिगृहातला विश्वास

रविवार, रात्री.

नगरला घरी विश्वास सांभाळावा लागत नव्हता. आजीची पहाटेची प्रार्थना, उपासना, नाताळच्या करंज्या, सगळं आपसूक चालायचं. पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर रविवारी हाक मारायला कोणी नाही. जर्नल मात्र सोमवारीच द्यायचं असतं. अशा दिवसांत विश्वास तुटत नाही, नुसता मागे मागे पडतो.

मला धरून ठेवलं ते चर्चमागच्या खोलीतल्या शुक्रवारच्या बैठकीनं. आम्ही पाचसहा जणच. मार्कचं शुभवर्तमान वाचतो, अडलं तर थांबतो. वडील आजारी असलेल्या एका मैत्रिणीनं एकदा विचारलं, ‘देव गप्प का?’ कोणीही घाईनं वचन काढून दाखवलं नाही. तिच्यासोबत बसून राहिलो. पुढं आळीपाळीनं तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. प्रवचनांपेक्षा मला हे जास्त शिकवून गेलं.

कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर दुरावलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त ती ताटातूट वाचताना वाटतं, एकट्यानं विश्वास जपणं टिळकांनाही सोपं गेलं नसेल.

पाळकांना आणि आईवडिलांना एकच विनंती. मूल शिकायला बाहेरगावी निघालं, की तिथल्या मंडळीतल्या एका तरी घराचा पत्ता त्याच्या हाती द्या, आणि त्या घरी आधी फोन करा.