बाजाराच्या गावी सहलीला

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मंडळातली आम्ही तीन कुटुंबं अटलांटाहून गाड्या काढून सेंट ऑगस्टीनला गेलो होतो. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. १५६५ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव. ट्रॉलीत बसलं की चालक वळणावळणाला काहीतरी सांगत राहतो. किल्ल्यात जुन्या शिपायांच्या वेशातली माणसं तोफ उडवून दाखवतात. सगळं नीटनेटकं, पाट्या वाचता येण्यासारख्या, स्वच्छतागृहं जागच्या जागी. मुलं खूश होती. परतताना माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "आजोबांच्या गावाजवळ असं काही आहे का?"

आजोबांचं गाव म्हणजे डोईफोडिया. तालुका खकनार, जिल्हा बुऱ्हाणपूर, राज्य मध्य प्रदेश. नाव ऐकून लोक हसतात आणि मग विचारतात, "मध्य प्रदेशात तुम्ही मराठी कसे?" त्याचं उत्तर सोपं आहे. १९५६ पर्यंत आमच्या भागाची राजधानी नागपूर होती. आम्ही जागचे हललो नाही, राजधानी हलली. गावात मराठी, निमाडी, कोरकू आणि हिंदी एकाच वाक्यात चालतात आणि कुणाचं काही अडत नाही.

तासा-सव्वातासावरचं बुऱ्हाणपूर हे आमचं बाजाराचं गाव. खत, बियाणं, मोटरची दुरुस्ती, कोर्टाची तारीख, दवाखाना, लग्नाचा बस्ता यासाठी तिथे जायचं आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात हजार वेळा तरी बुऱ्हाणपूर गाठलं असेल. जामा मशिदीच्या बाजूच्या गल्लीतून ते पन्नास वर्षं पाइप विकत घेत आले, पण मशिदीच्या आत कधी गेले नव्हते. त्यात काही विशेष नाही. बाजाराला गेलेला माणूस घड्याळ बघतो, मिनार बघत नाही.

डिसेंबरात तीन आठवडे घरी जायचं ठरलंच होतं. त्यात धाकट्या भावाचा फोन आला. शेतातल्या तीन बोअरपैकी दुसराही आटला. केळीची बाग उभी आहे, ठिबकच्या नळ्या कोरड्या, चौथा बोअर घ्यावा लागेल, पैशांचं बघ. आधीचा साडेपाचशे फुटांवर गेला होता. हा किती जाईल कोण जाणे. त्यामुळे गेलो तेव्हा घरात वातावरण जरा तंगच होतं. रोज रात्री जेवताना बोअरची चर्चा व्हायची. आप्पा गप्प, भाऊ तावातावाने बोलतोय, आई वाढतेय. शेवटी मीच म्हटलं, दोन दिवस सगळे बुऱ्हाणपूरला जाऊ, मुक्कामाला. आई म्हणाली, "बुऱ्हाणपूरला मुक्काम? कोण आजारी आहे?"

पहिल्या दिवशी सकाळी जामा मशीद. फारुकी घराण्यातल्या राजा अली खान ऊर्फ आदिलशहाने ती बांधली. खानदेशावर या फारुकींनी दोनशे वर्षं राज्य केलं आणि १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती गेल्यावर ते संपलं. बुऱ्हाणपूर हे नाव सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून पडलं. एवढं मी लेकीला वाचून सांगत होतो. तिचं लक्ष कबुतरांकडे होतं. आप्पा मात्र आत एका भिंतीपाशी थांबले होते. तिथे अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. आप्पांना संस्कृत येत नाही, पण घरचं पंचांग रोज तेच बघतात. बोट फिरवत फिरवत त्यांनी वाचलं: संवत १६४६, शके १५११, पौष मास, शुक्ल पक्ष. मग तिथी, मग नक्षत्र. मशिदीच्या भिंतीवर रोहिणी नक्षत्र! त्यांनी आईला हाक मारली, "अगं, इकडे ये, हे आपल्यासारखंच लिहिलंय." लेकीला त्यांनी शकात ७८ मिळवून इसवी सन काढायला शिकवलं. महिना पौष, म्हणजे नवीन वर्ष लागलेलं, म्हणून एक जास्त. १५९०. तिने लगेच हिशेब केला की सेंट ऑगस्टीनचा किल्ला बांधायला १६७२ मध्ये सुरुवात झाली, म्हणजे ही मशीद ब्याऐंशी वर्षांनी मोठी. आजोबा आणि नात यांची पहिली खरी गप्पा ही अशी वजाबाकीवर झाली. एरवी तिचं मराठी आणि आप्पांचे कान, दोन्ही अर्ध्यावरच.

शाही किल्ला तापीच्या काठावर आहे. पडझड बरीच झाली आहे, पण हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून टिकून आहे. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. नदीपलीकडे झैनाबादला, आहुखान्यात, तिला आधी पुरलं होतं आणि त्याच वर्षी डिसेंबरात आग्र्याला नेलं. आग्र्याला रांगेत उभे राहणारे किती जण हे जाणतात, मला शंका आहे. आईने मात्र सगळं ऐकून फक्त "चौदा?" एवढंच विचारलं आणि बराच वेळ नदीकडे बघत बसली.

मराठी वाचकांसाठी बुऱ्हाणपुरात आणखी एक ठिकाण आहे, मिर्झाराजे जयसिंहांची छत्री. तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ. पुरंदरचा तह १६६५ चा आणि त्यानंतर दोनच वर्षांनी मिर्झाराजे बुऱ्हाणपुरात वारले. मंडळाच्या शिवजयंतीच्या नाटकात लेकीने मावळ्याचं काम केलं होतं, त्यामुळे हे नाव तिला पाठ. "हेच ते?" म्हणून ती छत्रीभोवती दोन फेऱ्या मारून आली. मग मी तिला १६८१ ची गोष्ट सांगितली. संभाजी महाराज गादीवर आल्यानंतर थोड्याच दिवसांत हंबीरराव मोहिते यांच्या फौजेने इथला बहादूरपुरा लुटला आणि त्याच वर्षी खुद्द औरंगजेब बुऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. तिने विचारलं, "मग आपण कोणाच्या बाजूला होतो? आत की बाहेर?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आपले लोक तेव्हा ज्वारी राखत असतील. दोन्हीकडच्या घोड्यांपासून."

दर्गा-ए-हकीमी आणि बडी संगत गुरुद्वारा आम्ही घाईत केले. दर्गा दाऊदी बोहरांचा, पांढराशुभ्र, इतका स्वच्छ की आईने चप्पल बाहेर काढताना तळवेही पुसले. गुरु गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना बुऱ्हाणपुरात थांबले होते. काला ताजमहाल म्हणतात ती अब्दुर्रहीम खानखानाच्या मुलाची, शाहनवाज खानाची, कबर. लांबून जास्त छान दिसते.

दुसरा दिवस मी कुंडी भांडाऱ्यासाठी राखून ठेवला होता. लालबागेत, स्टेशनच्या बाजूला. 'खुनी भांडारा' हे त्याचं दुसरं नाव ऐकून लेक आधीच अर्धी खूश. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना ही पाण्याची योजना झाली. हो, दोहे लिहिणारा रहीम तोच. आप्पा शाळेत हिंदी शिकले, पाण्यावरचा त्याचा दोहा त्यांना अजून येतो. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या वाचकांना ही पद्धत नवी वाटेल, पण संभाजीनगरकरांना नाही. तिथली मलिक अंबरची नहर याच जातकुळीतली आणि त्याच काळातली. गंमत म्हणजे मलिक अंबर आणि खानखाना एकमेकांचे शत्रू.

योजना अशी. सातपुड्याच्या उतारावर पडणारं पाऊस-पाणी मुरतं आणि जमिनीखालून तापीकडे सरकतं. वाटेत ते आडवून एका भुयारात घ्यायचं. भुयाराला अगदी बेताचा उतार द्यायचा. ठरावीक अंतरावर वरपर्यंत विहिरीसारखी कुंडी काढायची, म्हणजे हवा खेळते, उजेड येतो आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. अशा शंभरावर कुंड्या. पाणी आपल्या वजनाने वाहत शहरातल्या जाली करंजपर्यंत जायचं. कुठेही मोट नाही, रहाट नाही. मूळ भांडारा, सुखा भांडारा, चिंताहरण अशी इतर भांडाऱ्यांची नावं आहेत. माझ्या धंद्यात ज्याला आम्ही चांगली रचना म्हणतो, ती हीच: चालवायला कुणी लागत नाही.

एका कुंडीत लिफ्टने खाली उतरता येतं, साधारण ऐंशी फूट. आप्पांच्या गुडघ्यांमुळे आईचा विरोध होता, तरी ते उतरले. खाली भिंती चुन्याच्या थरांनी पांढऱ्या झालेल्या, पायाखाली गार, वाहतं पाणी आणि वरून नाण्याएवढा उजेड. आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. ओंजळभर पाणी घेऊन नुसतं बघितलं. मग भुयाराच्या तोंडाशी वाकून, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते बराच वेळ निरखत राहिले. सोबतच्या माणसाला त्यांनी तीन प्रश्न विचारले: उन्हाळ्यात किती उतरतं, आजूबाजूच्या शेतांत बोअर किती खोल गेलेत आणि गाळ शेवटचा कधी काढला. चारशे वर्षं जुन्या वास्तूत कुणी असे प्रश्न विचारताना मी प्रथमच ऐकलं. बोअरचा आकडा ऐकून त्यांनी मान हलवली. वर आल्यावर तासभर बोलले नाहीत.

त्या रात्री त्यांनी भावाला सांगितलं, चौथा बोअर घ्यायचा नाही. केळीची निम्मी बाग या वर्षी काढायची, तिथे हरभरा, आणि नाल्यावर बांध घालून पाणी मुरवायचं. भाऊ भडकला. ट्रॅक्टरचे हप्ते हरभऱ्यावर निघत नाहीत, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. शेजारच्याने तर आपल्या बांधाला लागून नवा बोअर घेतलाच आहे. आपण मुरवायचं आणि त्याने उपसायचं, असा त्याचा सवाल आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बोअरसाठी ठेवलेले पैसे मी बांधाला दिले आहेत. भाऊ माझ्याशी अजून मोजकंच बोलतो.

तुम्ही जाणार असाल तर थोडं कामाचं. मुंबईहून इटारसीमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या बुऱ्हाणपूरला थांबतात, नाहीतर भुसावळला उतरून पुढे जा. एप्रिल-मे टाळा, केळीची पानंसुद्धा करपतात. पावसाळा संपता संपता गेलात तर उतावळी नदीवरचा महल गुलारा जरूर बघा, तेव्हा तिथे बंधाऱ्यावरून पाणी पडत असतं. आम्ही कोरड्या दिवसांत होतो, म्हणून गेलो नाही. कुंडी भांडाऱ्याची लिफ्ट चालू आहे का, ते निघण्याआधी विचारून घ्या. अशीरगडासाठी वेगळा दिवस ठेवा, अश्वत्थामा तिथे अजून पूजेला येतो असं आमच्याकडे लहान मुलांनासुद्धा माहीत असतं. खायला मांडे. खापरावरचे पुरणाचे खानदेशी मांडे नव्हेत, इथले मांडे म्हणजे हातभर लांबीची पातळ रोटी, रश्शाबरोबर खायची. आणि मावा जलेबी, काळपट, जाडजूड, गरमच घ्यायची. रमजानात ती मुंबईला मोहम्मद अली रोडवरही मिळते. दराबा मात्र डब्यात भरून आणा, विमानात टिकतो. आमचा अटलांटापर्यंत टिकला, पुढे दोन दिवस.